कडूबा मिस्त्रींची चूक

कडूबा मिस्त्री पहिल्या दिवशी कामाला हात लावत नसत. थापी, ओळंबा, छिन्नी असं सगळं पोत्यात बांधून आणत, पोतं दाराशी ठेवत आणि भेग पडलेल्या भिंतीसमोर उकिडवे बसून राहत. तासभर, कधी दोन तास. घरमालक अस्वस्थ होऊन जवळ आला, की म्हणत, "तुमी तुमचं काम करा. म्या माझं करायलोय." बसणं हेसुद्धा काम असतं, हे पुष्कळांना पटत नसे. अशी बरीच कामं त्यांच्या हातून गेली. त्याची खंत त्यांना वाटलेली मी तरी पाहिली नाही.

ते दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका वस्तीवरचे. घर धनगराचं. वडिलांची मेंढरं एका साथीत गेली, तेव्हा ते औरंगाबादला आले आणि चुन्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली राहिले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास असतील. उंच, वाळके, खांद्यात किंचित वाकलेले. चुन्यानं बोटांची टोकं पांढरी पडून फाटली होती. चहाची बशी ते दोन्ही तळहातांत धरत, बोटांनी धरत नसत.

उस्मानपुऱ्यात आम्ही घेतलेलं घर जुनं होतं, निजामाच्या राजवटीतलं. लहान, पातळ विटा, चुन्यातलं बांधकाम, खाली शहाबादी फरशी. मागच्या अंगाला एक खोली नंतर कधीतरी जोडलेली होती. घर घेताना ती आम्हांला नव्यासारखी वाटली, म्हणून आवडली होती. दोन वर्षांनी नेमकी तीच फाटू लागली. मूळ घर आणि ही खोली यांच्या सांध्यापाशी एक भेग छतापासून निघाली आणि विटांच्या पायऱ्या उतरत खाली आली. वर माझा पंजा मावेल एवढी रुंद, खाली सुतासारखी. कोपऱ्यातल्या फरश्या एका बाजूला कलल्या. पाण्याचा तांब्या ठेवला, की पाणी एका काठाकडे जाई.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. त्यांचं मत सरळ होतं. भेगेत सिमेंट भरावं, वरून गिलावा करावा आणि पावसाळ्याच्या आत उरकून टाकावं. त्यांच्या कचेरीतल्या कोणीतरी कडूबा मिस्त्रींचं नाव सांगितलं आणि ते एका सकाळी पोतं घेऊन आले.

गल्लीत शिरताना त्यांची चाल मंदावली, हे मी ओट्यावरून पाहिलं. त्यांनी दारावरची कमान पाहिली, डावीकडचं कडुलिंबाचं झाड पाहिलं, आणि हे घर आधी कोणाचं होतं असं विचारलं. आम्ही ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव मी सांगितलं. "त्याच्या आधी?" असं त्यांनी विचारलं. त्याआधी कोणी वकीलसाहेब होते, ते हैदराबादला गेले, एवढंच मला माहीत होतं. ते मागच्या खोलीत जाऊन बसले, दुपारपर्यंत.

दुपारी त्यांनी चुन्याचे दोन गोळे मळले आणि भेगेवर आडवी एक काचेची पट्टी चिकटवली. एक टोक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे. ही त्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. काच शाबूत राहिली, तर भिंत थांबलेली. फुटली, तर भिंत अजून चाललेली. चाललेल्या भिंतीची भेग भरायची नाही. "भेग भरनं लई सोपं, ताई," ते मला म्हणाले. "ती कशापायी पडली ते कळाया पायजे." मग त्यांनी बांबूची एक काठी घेतली आणि खोलीभर फरशीवर टकटक करत फिरले. प्रत्येक फरशीशी थांबून कान देत होते. कोपऱ्यातल्या खाटेपाशी ते जास्त वेळ थांबले. जाताना म्हणाले, ही खाट पुढच्या खोलीत घ्या.

खाट माझ्या वडिलांची होती. अप्पा तालुक्याच्या कोर्टात पेशकार होते, दाव्यांचे कागद सांभाळणारे कारकून. शिक्षण उर्दूतलं, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव ताठ. आई गेल्यावर गावचं घर बंद करून ते आमच्याकडे आले होते, आणि लेकीच्या घरी राहतो ही गोष्ट त्यांना रोज टोचत होती. मागच्या खोलीत त्यांची खाट होती, त्यांचं शिसवी मेज होतं, खिडकीतून कडुलिंब दिसे. त्या घरात तेवढीच जागा त्यांनी आपली मानली होती. खाट हलवायची गोष्ट काढताच ते म्हणाले, "एकदा उठलो, पुरे झालं. आता इथून उठणार नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. अप्पा वर्तमानपत्रातून मान वर करत नव्हते. यजमान दोघांवरही वैतागले होते. एकजण उठत नाही आणि दुसरा काम सुरू करत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी काच मधोमध तडकलेली होती.

कडूबा मिस्त्रींनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग अप्पांकडे वळून त्यांनी चौथ्यांदा तेच सांगितलं. अप्पा म्हणाले, "मिस्त्री, मी चाळीस वर्षं कोर्टात काढली. कारण दाखवल्याशिवाय हुकूम होत नसतो."

मिस्त्री उंबऱ्याबाहेर गेले आणि तिथंच, खोलीकडे तोंड करून, खाली बसले.

"कारन हाय," ते म्हणाले. "तुमच्या खाटंखाली आड हाय. म्याच बुजवला. नीट बुजवला नाय."

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यानंतर त्यांनी जे विचारलं, ते एखाद्याची जबानी घ्यावी तसं. केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून, आड किती खोल होता, त्यात काय टाकलं. मिस्त्री एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

ते साल पोलीस अ‍ॅक्शनचं होतं, निजामाचं राज्य गेलं ते. पावसाळा सरत आला होता, पण पाऊस थांबत नव्हता. वकीलसाहेबांची बहीण खेड्यावरून सगळं मागं टाकून इथं आली होती. तिच्याकडची सात माणसं, दोन ट्रंका. घरात आधीच दाटी, म्हणून ती सगळी पडवीत राहत होती. वकीलसाहेबांना मागं एक खोली हवी होती, आणि लगेच हवी होती. जागा एकच होती, परसातल्या आडावर. कडूबा मिस्त्रींचा वस्ताद, तोच म्हातारा गवंडी, तापानं पडला होता, म्हणून हे काम त्यांना एकट्याला मिळालं. पहिलंच. वस्तादानं अंथरुणातून बजावलं होतं, की दगड आणि मुरूम हातभर टाक, पाणी सोड, धुमसानं ठोकून घट्ट कर, मग पुढचा हातभर. वर बांधायच्या आधी एक पावसाळा जाऊ दे. मिस्त्रींनी आड तीन दिवसांत बुजवला. फुटकी कौलं, चुलीची राख, मातीची ढेकळं, ज्वारीची धाटंसुद्धा. वर फरशी घातली आणि भिंती उभ्या केल्या.

"लेकरं पडवीत भिजत व्हती," ते म्हणाले. "मला वाटलं, डोक्यावर छप्पर आलं का झालं. अन् खरं सांगायचं तर, एकट्यानं खोली बांधली ह्येची मस्ती बी व्हती."

अप्पांनी विचारलं, हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही.

"काच फुटली नसती तर बोललो नसतो, अप्पासाहेब."

"मग आज?"

"तुमी खाट हलवंनात."

अप्पा उठले. त्यांनी गादीची वळकटी केली आणि खाटेचा एक पाय स्वतः धरला. दुसऱ्या बाजूला मिस्त्री आले. यजमान कचेरीतून परतले, तेव्हा खाट दिवाणखान्यात होती आणि मागच्या खोलीतल्या सात फरश्या निघालेल्या होत्या.

खाटेची उशाकडची बाजू जिथं असे, तिथली फरशी दोन कडांवर नुसती टेकलेली होती. खाली माती नव्हती. मिस्त्रींनी ओळंबा आत सोडला. दोरी संपली, तरी वजन तळाला लागलं नाही. अप्पा जवळ येऊन वाकले, पाहिलं, आणि मला म्हणाले, "दोन चहा कर." त्याआधी त्यांनी घरात आलेल्या कोणत्याही कामकऱ्यासोबत चहा घेतलेला मला आठवत नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस आड उपसण्यात गेले. मिस्त्रींच्या वस्तीवरच्या चार बाया आणि दोन गडी येत. जुनी राख भिजून काळी झाली होती. धाटं कुजून जाऊन त्यांच्या जागी नुसत्या पोकळ्या राहिल्या होत्या. प्रत्येक पाटी वर आली, की मिस्त्री तीत हात घालून पाहत. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. मग वस्तादानं सांगितलं होतं तसं भरणं सुरू झालं. हातभर दगड-मुरूम, पाणी, धुमस, पुन्हा हातभर. धुमसाचे ठोके दिवसभर घरात ऐकू येत. जमिनीशी भराव आला, तेव्हा यजमानांनी फरशी उद्या घालणार का, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, "एक पावसाळा पिऊ द्या तिला."

यावर घरात मोठा वाद झाला. यजमानांचं म्हणणं, त्यांच्या खात्यात धरणाचं काम याहून लवकर होतं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. भांडले नाहीत, पण पोतं बांधून दाराशी उभे राहिले. फरशी आत्ताच हवी असेल तर दुसरा मिस्त्री बघा, असा त्याचा अर्थ. शेवटी अप्पा मधे पडले. "मी राहतो दिवाणखान्यात," ते म्हणाले, "मला घाई नाही." ज्यांनी चार दिवस खाट हलू दिली नव्हती, तेच हे म्हणत होते, त्यामुळे वाद तिथंच संपला.

त्या पावसाळ्यात मिस्त्री दर आठ दिवसांनी येत. भिंतीला एक खूण केलेली होती. तिथून दोरी ताणून भराव किती बसला, ते बोटांनी मोजत. दोरीचं दुसरं टोक अप्पा धरत आणि आकडा एका वहीत लिहीत, तारखेसकट, त्याच मोत्याच्या अक्षरात. पहिल्या महिन्यात चार बोटं, मग दीड, मग अर्धं. पोळ्यानंतर काहीच नाही. मोजून झालं, की दोघं पडवीत बसून बोलत. अप्पांची कोर्टातली उर्दू आणि मिस्त्रींची मराठी-दखनी मिळून एक वेगळीच बोली तयार होई. वकीलसाहेबांच्या बहिणीचं कुटुंब त्या खोलीत दहा वर्षं राहिलं, हे अप्पांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. त्यांनी ते मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "दहा वर्सं. म्हंजी आमी नशीबवान."

भिंतीचं काम दसऱ्यानंतर सुरू झालं. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या फुटक्या विटा ते एकेक करून काढत. एक काढली, की तिच्या जागी अख्खी वीट बसवूनच दुसरीला हात. जुनं आणि नवं बांधकाम असं आडव्या विटांनी शिवून काढलं. विटा त्यांनी शहरातल्या एका पाडलेल्या घरातून निवडून आणल्या होत्या, त्याच मापाच्या, आणि त्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. यजमानांनी पुन्हा एकदा सिमेंटचं नाव काढलं. "शिमिट लई ताठ," मिस्त्री म्हणाले. "जुनी भित थोडी इकडं-तिकडं हलती, तिला संगं चुनाच पायजे." दिवाळीच्या चार दिवस आधी फरश्या आपापल्या जागी परत बसल्या. फुटलेल्या दोन तेवढ्या बदलल्या. अप्पांची खाट आत गेली.

काम संपलं, तरी मिस्त्रींचं येणं थांबलं नाही. महिन्यातून एकदा शहरात आले, की अप्पांकडे तासभर बसत. पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी शेजारच्या खोलीत शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत होते, आणि अप्पा त्यांना काही सांगत होते. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणून मी हातातलं पेन ठेवलं.

अप्पांच्या नोकरीच्या मधल्या काळात पैठणजवळच्या एका गावातल्या विधवेचा दावा चालू होता. दिरानं जमीन बळकावली होती. तिनं नवऱ्याच्या नावचं खरेदीखत दाखल केलं, ते अप्पांच्या ताब्यात आलं आणि गहाळ झालं. आपण कागद दिला होता, असं ती कोर्टात परोपरीनं सांगत राहिली. अप्पांनी सांगितलं, असा कागद आलाच नाही. दावा तिच्या विरुद्ध गेला. वर्षभरानं भलत्याच खटल्याच्या मिसलीत तो कागद सापडला. तेव्हा अप्पांनी तोंड उघडलं नाही. नोकरी होती, आम्ही लहान होतो. कागद त्यांनी फाडलाही नाही. तो मेजाच्या तळच्या खणात ठेवला. इतकी वर्षं तो तिथंच होता, आणि आईलाही ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, मिस्त्री काहीतरी समजुतीचं बोलतील. त्यांनी गावाचं नाव विचारलं. मग विचारलं, "तिथवर येष्टी जाती का?"

तिसऱ्या दिवशी दोघं गेले. अप्पांनी काळी टोपी घातली होती, कोर्टात जाताना घालत ती. कागद एका पुठ्ठ्याच्या पाकिटात होता. कुठं जाता, असं यजमानांनी विचारलं, तर पैठणला, एवढंच म्हणाले. संध्याकाळी दिवेलागणीला परतले, हातपाय धुतले आणि जेवून झोपले. काय झालं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. माझंही विचारण्याचं धाडस झालं नाही, कारण मी ऐकलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी, आषाढात, अप्पा त्याच खोलीत गेले. फार दुखणं नव्हतं. मिस्त्री दहाव्याला आले, मागं उभे राहिले आणि न जेवता गेले. त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं, मग बंदच झालं. छातीचा त्रास बळावला होता, असं कळलं. चुन्याची आणि विटांची धूळ इतकी वर्षं आत गेली होती.

एका रविवारी मी दौलताबादला गेले. वस्ती शोधायला वेळ लागला. ते अंगणात बाजेवर बसले होते, पाठीशी उशा लावून. बोलताना मधे थांबून दम घ्यावा लागत होता. मी अप्पांबद्दल विचारलं, त्या दिवशी त्या गावात काय झालं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अप्पांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं का, असं मी विचारलं. "तुमाला सांगू नगा, असं न्हवतं म्हनले," ते म्हणाले, आणि सांगू लागले.

ती बाई बारा वर्षांपूर्वीच वारली होती. मुलगा भेटला. पन्नाशीचा, दुसऱ्याची जमीन बटाईनं करणारा. त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या मुलीनं कागद वाचून दाखवला. आता याचा काय उपयोग, असं त्यानं विचारलं, आणि अप्पांनी खरं ते सांगितलं, की कोर्टात आता काही उपयोग नाही. मुलगा कागद हातात घेऊन नुसता बसून राहिला. मिस्त्रींना वाटलं, आता हा अंगावर येतो, आणि आला तर त्याला अडवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"मग तो म्हनला," मिस्त्री थांबले, दम घेतला. "म्हनला, आई मरस्तवर सांगायची, म्या कागद दिला व्हता. गावात कुनी खरं मानलं नाय. आमी पोरांनी बी नाय मानलं. आमाला वाटायचं, म्हातारी खोटं बोलायली."

त्याच्या बायकोनं चहा केला. कागद त्यानं आत नेऊन देवापाशी ठेवला.

मी विचारलं, अप्पा काय म्हणाले.

"काय बोलतेत. टोपी काढली अन् त्या गड्याच्या पायाशी वाकले. म्या तोंड फिरवलं. आपुन बघू नाय, असं वाटलं."

सुनेनं त्यांच्यासमोर औषधाचा पेला धरला. ते दोन्ही तळहातांत धरून प्यायले आणि डोळे मिटून पडून राहिले. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. संक्रांतीच्या आधी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. पत्ता दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात होता आणि आत तीनच ओळी होत्या. वडील वारले, त्यांनी सांगितलं होतं म्हणून कळवतो, असं त्यात होतं. ते पोस्टकार्ड मी अप्पांच्या मेजात ठेवलं, ज्या खणातून तो कागद गेला त्याच खणात. तो खण तेव्हापासून रिकामाच होता.